बॉईज, गर्ल्स आणि हजेरीपट

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपला कुणीतरी 'बॉईज अँड गर्ल्स १९९५' असं नाव दिलं, त्या रात्रीची चर्चा तुम्हाला आठवत असेलच. कुणी म्हणालं, "पंचेचाळिशी उलटली, कसले आता बॉईज!" एकीने लिहिलं, "माझी मुलगी बारावीला आहे, मला गर्ल म्हणताय?" नाव बदलायचं की ठेवायचं यावर दीडशे मेसेज झाले आणि शेवटी स्नेहमेळाव्याचा हॉल ठरवायचा राहूनच गेला. स्मरणिकेच्या संपादकमंडळाने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा हाच विषय घ्यायचं ठरवलं. मी पेशाने सॉफ्टवेअरवाली. इतिहास किंवा भाषा हा माझा प्रांत नाही. पण एखादी चूक दिसली की ती कुठून सुरू झाली ते मागे मागे जाऊन शोधायची सवय या धंद्यात लागते. तीच सवय मी या शब्दांवर वापरली.

आपल्यापैकी बहुतेकांना इंग्रजी भेटलं ते पाचवीत. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर आपण शाळेतून बाहेर पडलो होतो. पाचवीच्या पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर एक मुलगा आणि एक मुलगी काढून खाली 'बॉय' आणि 'गर्ल' लिहिलं, आणि आपण सूर लावून ते म्हटलं. हे दोन शब्द त्या चित्रांइतकेच सरळ असतील असं मी पुढची तीस वर्षं समजत होते. ते तसे नाहीत.

आधी 'गर्ल' घेऊ. हा शब्द इंग्रजीत १३०० सालाच्या आसपास लिहिलेला सापडतो, आणि तेव्हा त्याचा अर्थ 'मुलगी' नव्हता. अर्थ होता 'मूल', मग ते मुलगा असो वा मुलगी. मुलगाच म्हणायचा असेल तर त्यामागे आणखी एक शब्द जोडून 'नेव्ह गर्ल' म्हणत. पुढच्या शे-दोनशे वर्षांत 'गर्ल' आक्रसत आक्रसत फक्त मुलींपुरता उरला. तो मुळात आला कुठून, हे कोशकारांनाही अजून ठरवता आलेलं नाही. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी आपला ग्रुप निघाला असता तर त्याचं नाव नुसतं 'गर्ल्स' ठेवूनही भागलं असतं!

'चाईल्ड' त्याहून जुना. जुन्या इंग्रजीत तो शब्द नपुंसकलिंगी होता, थेट आपल्या 'ते मूल' सारखा. त्याच्या अनेकवचनाची गंमत बाईंना तेव्हा सांगता आली असती तर माझे दोन गुण वाचले असते. आधी त्याचं अनेकवचन 'चिल्डर' असं होतं. काही काळाने लोकांना त्यातलं अनेकवचन जाणवेनासं झालं, म्हणून 'ऑक्सन' मध्ये आहे तसा 'एन' त्यांनी मागे जोडला आणि 'चिल्ड्रन' तयार झालं. थोडक्यात, 'चिल्ड्रन' हे अनेकवचनाचं अनेकवचन आहे. आपण पाचवीत 'चिल्ड्रन्स' लिहायचो आणि बाई लाल शाईने शेवटचा 'एस' खोडायच्या. आपण बिचारे तिसरं अनेकवचन चढवत होतो, इंग्रजांनी दुसरं चढवलं तेव्हा त्यांना कुणी खोडलं नाही, इतकाच फरक.

आता मुलग्यांकडे. मला सगळ्यात मोठा धक्का इथे बसला. जुन्या इंग्रजीत मुलग्यासाठी दोन शब्द होते. आजच्या उच्चारात ते आहेत 'नेव्ह' आणि 'नाईट'. दोन्हींच्या सुरुवातीला 'के' आहे. आपल्याला तो 'सायलेंट' म्हणून शिकवला, पण तेव्हा तो खणखणीत उच्चारला जाई. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच होता, पोरगा. मोठ्यांच्या घरी पोरगे कामाला असत, त्यामुळे दोन्ही शब्दांना पुढे 'नोकर' हाही अर्थ चिकटला. तिथून वाटा फुटल्या. 'नाईट' हा राजाच्या, सरदाराच्या पदरचा पोरगा. तो घोड्यावर बसला, लढला आणि चढत चढत 'सर' ही पदवी लावणारा वीर झाला. 'नेव्ह' स्वयंपाकघरात आणि तबेल्यात राहिला. तो आधी नोकर, मग हलका माणूस आणि शेवटी लबाड, बदमाश झाला. एकाच अर्थाचे दोन शब्द. एकाला घोडा मिळाला, दुसऱ्याला मिळाली खरकटी भांडी.

पत्त्यांत राजा-राणीच्या खालचं जे पान आपण 'गुलाम' म्हणून पिसलं, त्याचं जुनं इंग्रजी नाव हेच, 'नेव्ह'. पत्त्यांच्या कोपऱ्यात अक्षरं छापायला लागल्यावर 'किंग' आणि 'नेव्ह' दोघांचाही 'के' येऊ लागला, तेव्हा घोटाळा टाळायला त्याचा 'जॅक' झाला. मराठीने मात्र त्याला पहिल्यापासून जे आहे तेच म्हटलं.

आणि 'बॉय'? हा तेराव्या शतकात इंग्रजीत दिसतो तोच नोकर, हलका माणूस या अर्थाने. 'लहान मुलगा' हा अर्थ त्याला नंतर आला. म्हणजे बाईंनी फळ्यावर काढलेलं ते चित्र शब्दाच्या मूळ अर्थाचं नव्हतं. मूळ अर्थाच्या चित्रात त्या मुलाच्या हातात ट्रे असायला हवा होता.

इंग्रज इथे आले तेव्हा तो जुना अर्थ त्यांच्या सामानातून आलाच. साहेबाच्या बंगल्यात 'बॉय' अशी हाक मारली की पन्नाशीचा माणूसही "जी साहेब" म्हणत धावे. यूल आणि बर्नेल या दोघांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला. त्यात 'बॉय' या नोंदीखाली नोकर हा अर्थ तर आहेच, शिवाय पालखी वाहणारा असाही एक अर्थ आहे, आणि हा दुसरा अर्थ दक्षिणेतल्या भाषांमधल्या 'बोयी' वरून आल्याचं म्हटलं आहे. आपला 'भोई' त्याच गोतातला. पालखी उचलणारा बाप्या माणूस आणि इंग्रजी पोरगा, दोघांना एकच हाक पुरली. अमेरिकेच्या दक्षिणेतही गोरे लोक मोठ्या वयाच्या काळ्या माणसाला 'बॉय' म्हणत, आणि ती हाक किती लागत असे हे तिथल्या इतिहासात नोंदलेलं आहे. माणूस वयाने वाढतो, पण हाक मारणाऱ्याने ठरवलं तर त्याला मोठं होऊच द्यायचं नाही.

इंग्रजांना नावं ठेवून मोकळं होणं सोपं आहे. पण आपलं काय? आपल्याकडे हॉटेलातल्या नोकराला 'पोऱ्या' म्हणतात. घरच्या नोकराला 'गडी' म्हणतात, आणि खेळातल्या भिडूलाही गडीच म्हणतात. ऑफिसात 'बॉय' आजही आहे, त्याला साठाव्या वर्षी निरोपाचा नारळ मिळाला तरी तो 'बॉय' च.

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, जी मी तीस वर्षांत कुणाला सांगितलेली नाही. आपल्या वर्गात, आठवीपर्यंत, एक मुलगा होता. तिसऱ्या बाकावर, खिडकीकडे बसायचा. गणितात माझ्यापेक्षा हुशार. संध्याकाळी तो एसटी स्टँडसमोरच्या एका हॉटेलात कामाला जायचा, हे मला माहीत नव्हतं. आठवीच्या दिवाळीच्या आधी एकदा मी बाबांबरोबर तालुक्याहून उशिरा परत आले. बाबा चहाला थांबले. त्यांनी सगळे मारतात तशीच हाक मारली, "ए पोऱ्या, दोन चहा." चहा घेऊन तो आला. त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. तो काही बोलला नाही. मीही बाबांना "हा माझ्या वर्गातला आहे" असं म्हणाले नाही. त्याने फडक्याने टेबल पुसलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी सरांनी हजेरी घेताना त्याचं नाव घेतलं, स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, पूर्ण. तो "हजर" म्हणाला. नववीत तो आला नाही.

माझे बाबा वाईट माणूस नव्हते, आणि त्यांनी वापरला तो शब्द सगळं गाव वापरत होतं. त्या वेळच्या कायद्यानेही त्यांना हटकलं नसतं. १९८६ च्या केंद्रीय बालकामगार कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलांना ठरावीक धोकादायक कामांवरच बंदी होती. हॉटेलं, धाबे आणि घरकाम त्या यादीत आलं ते १० ऑक्टोबर २००६ पासून.

मूल कुणाला म्हणायचं हे कोशापेक्षा कायद्याने जास्त ठरवलं आहे, असं मला हे सगळं वाचताना वाटलं. ब्रिटनमध्ये १८३३ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालची मुलं घ्यायला बंदी केली, नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, आणि तेरा ते अठरा वयाच्यांना 'यंग पर्सन' म्हणत दिवसाला बारा तासांची. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्यावर हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा १८८१ साली आला. त्यात कामाचं किमान वय होतं सात! सात ते बारा वर्षांच्या पोराने दिवसाला नऊ तास काम करायचं. मुलांना वाचवायला केलेला हा कायदा, तर आधी काय असेल याचा अंदाज करा. २०१६ साली आपल्या १९८६ च्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा चौदा वर्षांखालच्यांना घरच्या कामात मदत, कलाकारी अशा सवलती सोडून सगळ्या कामांवर बंदी आली, आणि चौदा ते अठरा वयासाठी कायद्यात एक नवा शब्द आला, 'ॲडोलेसंट'. त्यांना धोकादायक कामं बंद झाली. शब्द आला म्हणून संरक्षण आलं. ज्या वयाला शब्द नाही, त्याला कलम लावता येत नाही.

हा 'ॲडोलेसंट' शब्दही पाहण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये 'वाढणे' या क्रियापदाची दोन रूपं आहेत. 'वाढत असलेला' तो 'ॲडोलेसंट' आणि 'वाढून झालेला' तो 'ॲडल्ट'. एकच धातू, एकाचं वर्तमान, दुसऱ्याचा भूतकाळ. व्याकरणाच्या सरांना हे आवडेल. या वयाचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा हे लोकांच्या गळी उतरवलं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅनली हॉल यांनी, १९०४ सालच्या त्यांच्या दोन खंडांच्या 'ॲडोलेसन्स' या ग्रंथाने. मराठीत आपण त्याला 'पौगंडावस्था' म्हणतो. पण एका जुन्या संस्कृत गणनेत पौगंड म्हणजे पाच ते दहा वर्षांचं वय, त्यापुढे पंधरापर्यंत कैशोर. आपण नव्या गरजेसाठी जुना शब्द घेतला आणि त्याचं वय परस्पर वाढवलं.

आता आपल्या मुलांचा लाडका शब्द, 'टीनेजर'. तेरा ते एकोणीस वर्षांना 'टीन्स' म्हणणं सतराव्या शतकापासून आहे, पण 'टीनेजर' नावाचा माणूस जन्माला आला तो १९४० च्या दशकात, अमेरिकेत. १९३० च्या दशकातल्या मंदीत नोकऱ्या नव्हत्या, त्यामुळे मुलं कामावर जाण्याऐवजी हायस्कुलात टिकली. सगळी एका वयाची, एका इमारतीत, दिवसभर. त्यातून त्यांचे कपडे, गाणी, बोलणं वेगळं झालं, आणि हे गिऱ्हाईक आहे हे दुकानदारांनी लगेच ओळखलं. १९४४ मध्ये 'सेव्हन्टीन' नावाचं मासिकच निघालं. टीनेजर घडला तो शाळेमुळे. म्हणजे त्या अर्थाने आपल्या शाळेनेच आपल्याला टीनेजर होऊ दिलं. जो नववीत आला नाही, तो टीनेजर झालाच नाही, तो थेट मोठा झाला.

'टीन' म्हणजे 'टेन', दहा. 'थर्टीन' म्हणजे तीन अधिक दहा. आणि आपला 'तेरा'? तो 'त्रयोदश' वरून आला, तोही तीन अधिक दहा. त्यातला 'रा' म्हणजे झिजलेला 'दश'. इंग्रजी 'टेन' आणि संस्कृत 'दश' हे मुळात सख्खे, म्हणून 'टीन' आणि 'रा' ही चुलत भावंडं. 'चौदा' त 'द' टिकला, 'सोळा' त त्याचा 'ळ' झाला, बाकी सगळीकडे 'रा'. गंमत अशी की इंग्रजीत ही मालिका तेराला सुरू होते आणि एकोणीसला संपते. मराठीत ती अकराला सुरू होते आणि अठराला संपते, कारण एकोणीस म्हणजे 'विसाला एक उणा', तो विसाच्या घरचा. मराठी हिशोबाने टीनेज अठराव्या वर्षी संपतं, नेमकं कायद्याने सज्ञान होतो तेव्हाच. अर्थात शहाणपण तेव्हाच येतं असा दावा मराठीनेही केलेला नाही. नाहीतर 'गद्धेपंचविशी' हा शब्द लागला नसता.

लहान बाळांकडे येऊ. 'इन्फंट' म्हणजे लॅटिनमध्ये 'न बोलणारा'. पायदळाला इंग्रजीत 'इन्फन्ट्री' म्हणतात तेही त्यातूनच, इटालियनमार्गे. घोडा परवडण्याइतका मोठा नसलेला पोरगा पायी चालायचा. इंग्लंडच्या कायद्यात तर १९७० पर्यंत एकवीस वर्षं पूर्ण होईतो माणूस 'इन्फंट' होता, मिशा फुटल्या तरी. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क या गिरणीगावात रॉबर्ट ओवेन यांनी १८१६ मध्ये गिरणी कामगारांच्या लहानग्यांसाठी शाळा काढली, ती सुरुवातीच्या 'इन्फंट स्कूल' पैकी एक. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या शाळेला 'किंडरगार्टन' म्हटलं, मुलांची बाग. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ तिथे त्यांना मिळाल्या, आणि बालवाडी, अंगणवाडी हे शब्द घरोघर पोचले. कोकणात 'वाडी' म्हणजे नारळी-पोफळीची बाग. किंडरगार्टनचं याहून नेमकं मराठी होणार नाही.

'किड' म्हणजे तर सरळ बकरीचं पिल्लू, आपलं करडू. नॉर्स भाषेतून आलेला हा शब्द पुढे लाडाने मुलांसाठी वापरला जाऊ लागला. पण सतराव्या शतकात त्याच लाडक्या शब्दातून 'किडनॅप' निघाला. अमेरिकेतल्या मळ्यांवर राबायला इंग्लंडातून मुलं आणि नोकर पळवून नेत, त्यासाठीचा तो शब्द. पुन्हा तेच, मूल आणि नोकर शेजारी शेजारी.

एक शब्द खास आपल्या सर-बाईंसाठी ठेवला आहे, 'प्यूपिल'. इंग्रजीत विद्यार्थ्यालाही प्यूपिल म्हणतात आणि डोळ्यातल्या बाहुलीलाही. दोन्हीचं मूळ लॅटिनमधल्या लहान मुला-मुलीच्या शब्दात आहे. एकीकडे त्याचा अर्थ अनाथ, पालकाच्या हाती सोपवलेलं मूल असा होता, म्हणून शिक्षकाकडे सोपवलेला तो प्यूपिल. दुसरीकडे अर्थ 'छोटी बाहुली'. समोरच्याच्या डोळ्यात पाहिलं की आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते, म्हणून. मराठीतही ती बाहुलीच. संस्कृतात 'कनीनिका', तिचंही नातं छोट्या मुलीशी. तीन भाषांना समोरच्याच्या डोळ्यात एक लहान मूल दिसलं.

माझ्या पदवीबद्दल सांगून संपवते. 'बॅचलर' म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये 'नाईट' होऊ पाहणारा तरुण उमेदवार. म्हणजे कागदोपत्री मी अभियांत्रिकीचा उमेदवार पोरगा. तरीही पहिल्या नोकरीत मीटिंगमध्ये माझी ओळख 'आमची टेस्टिंगची गर्ल' अशी करून दिली जायची, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि माझ्या हाताखाली चारजण होते. मला राग यायचा. मग एकदा तो चहाचा कप आठवला आणि जाणवलं की हाक मारणाऱ्याच्या बाकावर मीही बसले होते, गप्प.

ग्रुपचं नाव 'बॉईज अँड गर्ल्स' च राहू द्या, माझी हरकत नाही. एकमेकांनी लाडाने म्हटलं तर त्यात काही वावगं नाही. हाक कुणी कुणाला मारली यावरच सगळं आहे. माझी विनंती वेगळी आहे. या स्मरणिकेतली यादी दहावीच्या निकालपत्रावरून केली आहे, असं मला कळलं. ती पाचवीच्या हजेरीपटावरून करूया. आठवीत, नववीत गळालेले आपल्याच वर्गातले होते. मी मोजायचा प्रयत्न केला, माझ्या आठवणीत असे सात चेहरे आहेत. त्यातल्या तिसऱ्या बाकावरच्याचं नाव मी इथे छापत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. पण ज्यांना आठवत असेल त्यांनी मला फोन करा. तो सापडला तर मला त्याच्याशी बोलायचं आहे. आणि मेळाव्याच्या दिवशी सरांनी पुन्हा एकदा हजेरी घ्यावी, तशीच, पूर्ण नावाने.